भूमितीची डिस्क

३ मार्च, सोमवार

चि. वन्सं यांस,

अनेक आशीर्वाद. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. इकडे सर्व ठीक आहे. तुमच्या दादांचा गुडघा जिना चढताना दुखतो, त्यामुळे ते दिवसातून एकदाच चढतात आणि वरच बसून राहतात. तुम्हीही ठीक असालच. माणूस ठीक असल्याशिवाय नऊ पानांचं टिपण लिहीत नाही.

ते टिपण आज माझ्या टेबलावर आलं. वर ठसठशीत अक्षरांत ‘मुक्त आणि व्यावसायिक संगणक प्रणाली: तुलनात्मक टिपण’, खाली तुमची सही आणि कोपऱ्यात आमच्या नव्या सचिवबाईंच्या पेन्सिलीने ‘स्टुडिओप्रमुखांचा शेरा हवा’. स्टुडिओप्रमुख म्हणजे मी, हे तुम्ही विसरला नसालच. चार वर्षं तोंड दाखवायचं नाही आणि मग नऊ पानं पुढे करून दार ठोठावायचं, हे तुम्हीच करू जाणे.

शेरा द्यायचा म्हणून वाचलं. पहिल्याच पानावर, मोकळ्या सिस्टिमचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, त्यात लपवाछपवी नसते. कबूल. पण बघणार कोण? आपल्याकडे अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून द्यायला येतात ती निवृत्त माणसं. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. त्यांनी कोड उघडून काय करायचं? मग पुढे, विकतची सिस्टिम बिघडली की कंपनीच्या मर्जीवर बसावं लागतं, आणि मोकळीच्या मदतीला जगभरचे लोक धावून येतात. धावतात खरे. पण आधी ‘सूचना वाचल्या होत्या का’ असं विचारून चारचौघांत लाज काढतात. हे मला कुणामुळे माहीत आहे ते लिहीत नाही. ‘वहिनी, स्क्रीनवर काय आलंय ते वाच ना, वाचायलाच तर बसलोय आपण इथे’ असं भर स्टुडिओत कोण म्हणालं होतं आणि कोण कोण हसलं होतं, माझ्या सगळं लक्षात आहे.

पान पाच मात्र मला झोंबलं. ‘विकतची सिस्टिम सारखी काहीतरी विचारत राहते आणि माणसाला न वाचता हो म्हणायची सवय लागते.’ हे वाक्य कुणाला उद्देशून आहे? टिपण आहे की टोमणा? अकरा वर्षं मी त्या सिस्टिमवर पुस्तकं काढली. तेव्हा ‘हो’ म्हणून काही बिघडलं नव्हतं.

एक मान्य करते, कारण खोटं मला आवडत नाही. आपल्या जुन्या आवृत्तीकडे आता कंपनी बघत नाही आणि नवी आवृत्ती या मशीनवर चढत नाही. मशीनं तर नवी मिळायची नाहीत. म्हणजे एक तर तुमची सिस्टिम, नाहीतर स्टुडिओला कुलूप. समितीची बैठक सतरा तारखेला आहे. पण समितीवर मास्तर आहेत. ते पाटीवर ‘नाही’ लिहून बसलेत, आणि त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नाही.

का नाही, ते तुम्हाला मी सांगायला नको. भूमितीचं पुस्तक अंध मुलांना वाचून दाखवणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. पुस्तकात आकृती असते, ती तोंडाने काढावी लागते. मास्तर एकेका आकृतीपुढे डोळे मिटून बसायचे आणि बोलायला लागायचे, की समोरच्याच्या तळहातावर त्रिकोण उमटायचा. दोनशे बारा आकृत्या. कागदावर एक अक्षर नाही, सगळं त्यांच्या डोक्यातून थेट माइकमध्ये. एकतीस दिवस चाललं. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं, शेवटची आकृती झाली गुरुवारी दुपारी. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं. आणि त्या गुरुवारी संध्याकाळी डिस्क उघडली तर भूमिती नाही.

तुम्ही बाहेर गेला होतात. मी चहा टाकत होते. मशीनच्या खोलीत मी नव्हतेच. चहा टाकून आले तेव्हा तुम्ही खुर्चीत पुतळ्यासारख्या बसला होतात. मी फक्त जे दिसलं ते बोलले, की तुमच्या फुकटच्या सिस्टिमने मास्तरांचा आवाज खाल्ला. तुम्ही सुद्धा समितीपुढे म्हणालात, चूक माझी आहे. मग आता चार वर्षांनी तीच सिस्टिम नऊ पानांत गुंडाळून का पाठवता?

शेरा मी ‘शिफारस नाही’ असा लिहिणार आहे. आधी सांगून लिहिते, पाठीमागून नाही.

दादा आठवण काढतात. मी काढत नाही, असं लिहिणार होते. पण मघाशी म्हटलं ना, खोटं मला आवडत नाही.

कळावे, लोभ तुमच्याकडून कधीच आटला असेल,
वहिनी

———

८ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. दादाला गुडघा शेकायला सांग आणि वरच्या खोलीतून खाली बिछाना आणा, हट्ट नको.

मला वन्सं म्हणू नकोस. तुझ्या लग्नात मी सात वर्षांची होते, माझ्या दोन वेण्या तू घालायचीस. तेव्हा मी चिमणी होते. आता वन्सं आणि तुम्ही. लांब उभं राहून दगड मारायला बरं पडत असेल.

टिपण मी स्वतःहून पाठवलं नाही, सचिवबाईंनी मागितलं. त्यांना जुनी गोष्ट माहीत नव्हती. मी नाही म्हणणार होते, मग वाटलं, मुलांची पुस्तकं बंद पडतील. तू शेरा काय लिहायचा तो लिही.

पण पत्रात मुद्दाम लिहिलंस की तू त्या खोलीत नव्हतीस. मी विचारलं नव्हतं.

त्या मशीनवर मी दोन्ही सिस्टिम ठेवल्या होत्या, तुला आठवतं? सुरू करताना विचारायचं, मोकळी की जुनी. तुला जड जाऊ नये म्हणून ठेवली होती जुनी. सगळ्यांना सांगितलं होतं, रेकॉर्डिंगची डिस्क मोकळ्या सिस्टिमच्या पद्धतीने बांधलेली आहे, जुनीला ती वाचता येत नाही, जुनी सुरू करून तिला हात लावू नका. त्या संध्याकाळी पाच चाळीसला मी डिस्क तपासली. ती जुन्या सिस्टिमच्या पद्धतीने बांधलेली निघाली. वहिनी, डिस्क आपणहून आपली बांधणी बदलत नाही. कुणीतरी जुनी सिस्टिम सुरू केली, तिने विचारलं ‘ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का’, आणि कुणीतरी हो म्हटलं.

एवढ्यावरही मी बरंच परत मिळवलं असतं. पुसलेलं लगेच जात नाही, वर दुसरं काही लिहिलं नाही तर सापडतं. पण त्यावर कुणीतरी बावीस जुनी पुस्तकं ओतली होती. डिस्क रिकामी दिसू नये म्हणून. दोन दिवस बसून मला मास्तरांचा खोकला मिळाला आणि ‘आता या बिंदूपासून’ एवढे तीन शब्द. ते माझ्याकडे अजून आहेत.

पाच वाजून दहा मिनिटांनी मशीन बंद करून पुन्हा मोकळ्या सिस्टिमवर सुरू केलं गेलं. मशीन आपणहून ठेवतं त्या वहीत नोंद होती. मशीनची वही मोकळी असते, कुणालाही वाचता येते. तुला तेवढं माहीत नव्हतं. त्या वेळी इमारतीत तू आणि खालचा पहारेकरी, दोघंच होतात.

समितीपुढे मी चूक माझी म्हणाले ते सगळंच खोटं नव्हतं. रोज प्रत काढायला हवी होती, मी शेवटी एकदम काढणार होते. पण बाकीचं मी का बोलले नाही ते दादाला विचार. त्या संध्याकाळी मी आधी त्याच्याकडे गेले होते. पुढच्या आठवड्यात तुला प्रमुख करणार होते. तो म्हणाला, ‘अकरा वर्षं राबली आहे ती. तू तरुण आहेस, तुला कुठेही मिळेल.’

नाही मिळालं. आवाजाची पुस्तकं करणाऱ्या तीन संस्थांत गेले. तिन्ही ठिकाणी तेच, ‘त्याच ना तुम्ही, मास्तरांचा आवाज घालवणाऱ्या?’ आता मी एका गोदामात बारकोडची यंत्रं दुरुस्त करते. यंत्रं बोलत नाहीत, बरं आहे.

उत्तर पाठवू नकोस.

———

१८ मार्च

चिमणे,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतेय. मागच्या पत्रातलं तुम्ही-बिम्ही सोडून देते. रागावून अहो-जाहो करणं मला झेपत नाही, आणि आज रागवायचं आहे.

तुझं पत्र मी फाडलं. मग चिकटपट्टीने जोडलं, कारण दादांना दाखवायचं होतं.

आधी माझं सांगते. त्या गुरुवारी मास्तरांच्या शेवटच्या आकृतीत दोन ठिकाणी खोकला होता. तो काढून टाकायचा होता. जुन्या सिस्टिमवर मी ते काम डोळे मिटून केलं असतं. तुझ्या सिस्टिमवर येत नव्हतं, आणि तुला विचारायला जीभ वळत नव्हती. पुन्हा ‘वाच ना वहिनी’ ऐकायचं नव्हतं. तू बाहेर गेलीस. डिस्कबद्दल तू बजावलेलं मी कधीच नीट ऐकलं नव्हतं. म्हटलं, जुनी सुरू करते, पाच मिनिटांत खोकला काढते, कळणारही नाही कुणाला. स्क्रीनवर ती फॉरमॅटची पाटी आली. अशा पाट्या रोज पन्नास यायच्या. मी हो दाबलं. वाचलं नाही. मग डिस्क रिकामी दिसली. बावीस पुस्तकं मीच ओतली. चहा मी नंतर टाकला, तू जिन्यावर आल्याचा आवाज आला तेव्हा. पाणी उकळलंसुद्धा नव्हतं.

हे मी चार वर्षांत एकदाही मनात पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं. अर्ध्यावर सोडून द्यायचे. तुझ्या सिस्टिमला शिव्या घातल्या की बरं वाटायचं. दर सभेत घालायचे, नवीन माणूस आला की त्यालाही ऐकवायचे. लोक म्हणायचे, बाईंना मास्तरांच्या आवाजाचं केवढं दुःख आहे.

आता तुझं. तू कोण लागून गेलीस गं मला वाचवणारी? मी मागितलं होतं? त्या संध्याकाळी येऊन थोबाडीत मारली असतीस, तर मी सगळं ओकले असते. तू उठलीस आणि भावाकडे गेलीस. तुम्ही बहीणभाऊ बसलात, माझ्या खुर्चीचं ठरवलंत, आणि मला माझ्याच घरात चार वर्षं वेड्यात काढलंत. मी रोज जेवताना तुझ्या सिस्टिमची निंदा करायचे आणि समोर बसलेला माणूस ‘मीठ दे’ म्हणायचा.

तुझ्या दादांना विचारलं. पत्र समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, ‘जाऊ दे ना आता.’ मी म्हटलं, कुणाला जाऊ दे? तुमची बहीण तर गेलीच. तेव्हा म्हणाले, ‘मला वाटलं होतं, कधीतरी तू स्वतःच सांगशील. मग वाटलं, आता नाही सांगत, तर विचारून कशाला.’ मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी बिछाना खाली आणला, कारण गुडघा माझ्या रागासाठी थांबत नाही.

मग मास्तरांकडे गेले. दार सुनेने उघडलं. ते खुर्चीत होते, मांडीवर पाटी, गळ्याला पांढरी पट्टी. मी बसलेच नाही, उभ्याउभ्या सगळं सांगितलं, मध्ये श्वाससुद्धा नीट घेतला नाही. ते ऐकत राहिले. मग पाटीवर लिहिलं, ‘म्हणजे यंत्राने नाही.’ मी म्हटलं, नाही. पुसलं. पुन्हा लिहिलं, ‘चार वर्षं यंत्रावर चिडलो. ते बरं होतं. ते समोर उभं राहून रडत नव्हतं.’ मी रडणं थांबवलं. त्यांनी लिहिलं, ‘ती मुलगी?’ मी म्हटलं, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मला वाचवायला गप्प बसली. त्यांनी मोठ्या अक्षरांत ‘मूर्ख’ लिहिलं. कोण, ती की मी, असं विचारलं, तर पुसून टाकलं. चहा विचारला नाही. मी गेटपाशी आले तरी आतून पाटीवर खडू घासल्याचा आवाज येत होता.

काल बैठक झाली. तुझ्या टिपणावर मी शेरा लिहिला नाही, निवेदन लिहिलं, आणि उभी राहून वाचलं. खोकल्यापासून बावीस पुस्तकांपर्यंत सगळं. मशीनच्या वहीतली ती पाच दहाची नोंदही वाचली. चार वर्षांपूर्वीचे कागद आपण कपाटातसुद्धा ठेवत नाही, त्या सिस्टिमने ठेवले होते. वाचून झालं. सचिवबाईंनी एवढंच विचारलं, ‘हे तुम्ही सही करून द्याल?’ दिली. प्रमुखपदाचा राजीनामाही दिला. त्यांनी नको वगैरे म्हटलं नाही, हे बरं केलं.

मोकळी सिस्टिम मंजूर झाली. मास्तरांनी ‘नाही’ पुसलं. पण अट घातली, पाटी सगळ्यांना फिरवून दाखवली. दोनशे बारा आकृत्यांचं वर्णन ते पुन्हा लिहून देणार, हाताने, आठवेल तसं. आणि वाचायचं मी. दुसऱ्या कुणी नाही. ते समोर बसून ऐकणार. मी म्हटलं, मास्तर, मी कधी माइकसमोर बसलेली नाही, माझा आवाज घोगरा आहे. त्यांनी लिहिलं, ‘माझा तर तोही नाही.’

आज सकाळी पहिली आकृती झाली. एक रेष, फक्त एक सरळ रेष. मी वाचायला लागले की ते पाटीवर बोटाने टकटक करतात. चुकलं, पुन्हा. अकरा वेळा वाचायला लावली. ‘रेष संपत नाही, तुम्ही थांबता,’ असं लिहून दाखवलं. अडीच तास लागले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल एवढीही माया नव्हती, आणि ते उठलेही नाहीत. शेवटी फाइल ठेवताना स्क्रीनवर जे जे आलं ते मी मोठ्याने वाचलं, मगच बोट लावलं. प्रत काढली. दुसरी प्रत काढली. अजून दोनशे अकरा आहेत.

निवेदनाची नक्कल सोबत आहे. तशाच तीन नकला त्या तीन संस्थांना गेल्या, त्यांच्या पोचपावत्या आल्या की तुला पाठवीन. तू परत ये, असं मी म्हणत नाही. तो हक्क मी त्या दुपारीच घालवला. पण एक बजावून सांगते, पुन्हा माझ्यासाठी गप्प बसू नकोस. तू माझी लाज राखलीस आणि मी चार वर्षं निर्लज्जासारखी जगले. असली दया शत्रूवरही करू नये.

माफी या पत्रात नाही. ती समोर उभं राहून मागायची असते. मी रविवारी सकाळी तुझ्या दारात येतेय. उघडलंस तर आत येऊन मागेन. नाही उघडलंस तर जिन्यात उभी राहून मागेन, वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि तुझं नाव घेऊन, मी काय केलं ते सगळं सांगून. अकरा वेळा मागावी लागली तरी मागेन.

तुझं नाव खराब करून चार वर्षं खुर्चीत बसलेली,
तुझी वहिनी